अकरा खोट्या बजावण्या

मी कोर्टात स्टेनो होते. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी टाइप केली. त्यातली बहुतेक विसरले, पण एका बेलिफाच्या चौकशीतला जबाब अजून जसाच्या तसा आठवतो. तो घेताना माझी बोटं मध्येच थांबली होती. साऱ्या नोकरीत असं एकदाच झालं.

बेलिफ म्हणजे कोर्टाची समन्सं, नोटिसा लोकांच्या घरी नेऊन देणारा माणूस. आमच्याकडे असे सहा जण होते. त्यातल्या सर्वांत जुन्याला आम्ही सगळे ‘पायगाडी’ म्हणायचो. बाकीचे स्कूटरवर हिंडायचे, हे गृहस्थ शहरभर पायी. उंच, काटकुळे, खांद्याला कागदांची पिशवी. “तुम्ही गाडी लावायला जागा शोधता तोवर माझ्या दोन नोटिसा देऊन होतात,” असं म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक वाईट शेरा नव्हता. कुणी दार लावून घेतलं, कुणी शिव्या घातल्या, तरी हे जिन्यावर ठाण मांडून बसत. आत दडलेला माणूस कधी ना कधी बाहेर येतोच, यावर त्यांचा विश्वास होता. आणि कागद पुढे करताना न चुकता म्हणत, “घाबरू नका, आधी नीट वाचा.”

एके दिवशी सकाळी ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी समन्स घेऊन गेले. दार एका साठीच्या माणसाने उघडलं. ‘कोर्टातून आलोय’ एवढंच ऐकून त्याचा चेहरा उतरला. यांनी नेहमीसारखं “घाबरू नका” म्हटलं. त्याने कागद घेतला, चष्मा शोधायला वळला आणि तिथेच उंबऱ्यात कोसळला. आतून त्याची बहीण धावत आली. तिने भावाकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही काय आणलंत?” दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कागदात काहीच नव्हतं. शेजाऱ्यांच्या भिंतीच्या भांडणात साक्षीला या, एवढंच.

ऑफिसात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. अहवालात ‘सदर इसम मयत’ असं लिहून समन्स परत केलं. तसे अहवाल अधूनमधून येतात, कुणी दोनदा वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दारासमोर त्यांचा हात घंटीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. घशाला कोरड पडली, तळहात ओले झाले, कानात ठोके ऐकू यायला लागले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, माणसं घरात होती. ते पाच मिनिटं उभे राहिले आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरले. खाली येऊन स्वतःलाच म्हणाले, पित्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारापुढे तेच. तिसऱ्या दिवशी तर जिन्याच्या पहिल्या पायरीलाच पाय जड झाले. काही घरी जमायचं, रस्त्यालगतच्या दुकानात, अंगणातल्या माणसाला. बंद दार दिसलं की मात्र पाचावर धारण बसायची.

आधी ते ‘घर बंद, भेट झाली नाही’ असं लिहून नोटिसा परत करत राहिले. त्याने कुणाचं बिघडत नव्हतं, फक्त तारखा पुढे जायच्या. पण तारखा पुढे गेल्या की वर बोलणी बसतात, आणि ती जिना उतरत उतरत नाझरांपर्यंत येतात. नाझर म्हणजे बेलिफांचे साहेब. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “पायगाडी पंक्चर झाली की काय? महिन्यात एकवीस नोटिसा परत? माणूस भेटत नसेल तर दारावर चिकटवता येते, हे मी शिकवू तुम्हाला?”

सगळे हसले. पायगाडीही हसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नोटीस हातात देता आली नाही, तर दोन पंचांसमोर ती दाराला चिकटवायची आणि शपथेवर तसा अहवाल द्यायचा. चिकटवली की कोर्टाच्या लेखी ती पोचली. मग तो माणूस तारखेला आला नाही, तर दुसऱ्या बाजूचं ऐकून त्याच्या माघारी हुकूम होतो. त्याला एकतर्फी हुकूम म्हणतात. ज्याला नोटीस मिळालीच नाही, त्याला आपल्याविरुद्ध हुकूम झालाय हे कळतं ते थेट कुलूप घेऊन माणसं दारात आल्यावर.

हे पायगाडींना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी पुढच्या चार महिन्यांत त्यांनी अकरा खोटे अहवाल दिले. एका पंचाची सही उजव्या हाताने केली, दुसऱ्याची डाव्या. पहिल्या अहवालानंतर दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. पाचव्यानंतर जेवण जायला लागलं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

त्या अकरांपैकी चार प्रकरणांतले एकतर्फी हुकूम माझ्या हातांनी टाइप झाले होते. ‘नोटीस बजावणी योग्य रीतीने झाली असून’ हे वाक्य मी न बघता टाइप करायचे.

मग एक दिवस बॅगांच्या चेनी दुरुस्त करणारी एक बाई कोर्टात आली. मध्यम वयाची, बोटांना सुयांच्या खुणा. तिच्या गाळ्याच्या मालकाने गाळा रिकामा करून मागितला होता आणि तिच्या माघारी तसा हुकूमही झाला होता. तिने अर्ज दिला की मला नोटीस मिळालीच नाही. असं म्हणणारे रोज चार जण येतात, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. पण तिने बेलिफाच्या अहवालाची नक्कल काढून आणली होती. “यात लिहिलंय, घराच्या तपकिरी लाकडी दारावर नोटीस चिकटवली,” ती म्हणाली. “साहेब, मी गाळ्यातच राहते. मला दारच नाही, शटर आहे.”

ही बातमी संध्याकाळपर्यंत नाझरांच्या खोलीत पोचली आणि तिथून पायगाडींच्या कानांवर गेली. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मस्टरवर त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘विनापरवाना गैरहजर’ लिहिलं जाऊ लागलं. ना अर्ज, ना निरोप. असे चौतीस दिवस गेले.

घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांची बायको घरातच पाळणाघर चालवायची. सात-आठ पोरं दिवसभर असायची, त्यामुळे यांना घरी बसायची सोयच नव्हती. रोज सकाळी ती डबा भरून द्यायची, हे पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचे आणि जायचे मोठ्या दवाखान्यात. तिथल्या बाहेरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं नंबर लावून बसलेली असतात. तिथे बसलेल्याला कुणी ‘का बसलात’ म्हणून विचारत नाही. हेही खिडकीवरून एक नंबर घ्यायचे. एकशे बेचाळीस, एकशे सत्तर, जो मिळेल तो. फलकावरचे आकडे आपल्या नंबराजवळ यायला लागले की उठून पाणी प्यायला जायचे आणि नंबर पुकारून झाला की परत बाकावर. चौतीस दिवसांत एकदाही आत गेले नाहीत. “डॉक्टरला काय सांगणार होतो?” असं नंतर मला म्हणाले. “बेलिफाला दाराची भीती वाटते? हसला असता तो.”

पस्तिसाव्या दिवशी दुपारी त्यांच्या घराची घंटी वाजली. बायको एका पोराला कडेवर घेऊन दारात आली. बाहेर दुसरा बेलिफ उभा होता, पायगाडींचा पंचवीस वर्षांचा जोडीदार. दोघांचा चहा एकत्र, सुखदुःख एकत्र. तिला वाटलं, सहज आलाय.

“ते कामावर गेलेत ना,” ती म्हणाली.

जोडीदाराने मान खाली घातली. “वहिनी, ही घ्या. आणि इथे सही करा.”

पाकिटात निलंबनाचा हुकूम आणि दोषारोपपत्र होतं. आरोप दोन. एक, परवानगीशिवाय गैरहजेरी. दुसरा, न झालेल्या बजावणीचा खोटा अहवाल. तिने सही केली, पाकीट फोडून वाचलं, पोरांना खाऊ भरवला, त्यांना झोपवलं, संध्याकाळी एकेकाला त्यांच्या आयांच्या हवाली केलं. हे सगळं तिनेच मला सांगितलं. “हात आपोआप चालत होते हो. मला फक्त एवढंच वाटत होतं, की हा माणूस रोज जातो तरी कुठे?”

ते साडेसहाला आले. पाय धुऊन बसले. तिने पाणी दिलं आणि विचारलं, “आज कुठे कुठे गेलात?”

त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाजारामागची गल्ली, मग छापखान्याच्या वरची खोली, एक म्हातारा फार वेळ बोलत बसला, त्याची मुलगी परदेशी असते म्हणे. बोलता बोलता म्हाताऱ्याच्या चष्म्याची तुटलेली काडीसुद्धा आली. ती ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिने पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. नुसता शिक्का पाहिला आणि त्यांचे खांदे पडले.

“तो म्हातारा होता का हो?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग चष्मा कशाला घातलात त्याला?”

ते रडले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरची ती गोष्ट तोंडातून बाहेर काढली. कोसळलेल्या माणसाबद्दल बायकोला वाईट वाटलंच. पण चौतीस डबे आपण कुठल्या बाकासाठी भरले, हेही तिला विसरता येईना. आठ दिवस ती कामापुरतंच बोलली. मग नवव्या दिवशी म्हणाली, “चला दवाखान्यात. आज नंबर मी लावते, आणि आतही मीच येते.” त्या दिवशी ते आत गेले. डॉक्टर हसला नाही. त्याने त्या भीतीला एक नावही दिलं आणि गोळ्या दिल्या.

चौकशी सुरू व्हायला दीड महिना गेला. निलंबित माणसाचा जीव किती टांगणीला लागतो, हे तेव्हा मी जवळून पाहिलं. हजेरी लावायला ते रोज यायचे, व्हरांड्यात बसायचे. माझ्या खोलीवरून जाताना दबक्या आवाजात विचारायचे, “बाई, तारीख लागली का?” मी “नाही” म्हटलं की क्षणभर सुटल्यासारखे दिसायचे आणि लगेच पुन्हा कोमेजायचे. शिपायाने कुणालाही हाक मारली तरी दचकायचे.

जोडीदार त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. त्याने सगळा बचाव बांधला. गैरहजेरीसाठी दवाखान्याचे कागद होतेच. अहवालासाठी त्याने युक्ती काढली होती. “शटरच्या शेजारी तपकिरी दार आहे, मी बघून आलोय. तू म्हणायचं, चुकून शेजारच्या दाराला लावली. चूक म्हणजे काही लबाडी नाही. दोन पगारवाढी जातील फार तर. आणि बाकीच्यांबद्दल अळीमिळी गुपचिळी. त्यांना एकच सापडलीय. तू तोंड उघडून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.” बाकीच्या दहांबद्दल पायगाडींनी त्याच्याजवळ मन मोकळं केलं होतं.

चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या न्यायाधीश बाईंकडे होती. छोटी खोली, एक टेबल, चार खुर्च्या, एका कोपऱ्यात मी. पहिली साक्ष चेनी दुरुस्त करणाऱ्या बाईची. ती कामाचा दिवस बुडवून आली होती आणि ते तिच्या बोलण्यात जाणवत होतं. तिने शटरचं सांगितलं. कुलूप घेऊन आलेल्या माणसांचं सांगितलं. त्या दिवसापासून आपण गाळ्याबाहेर जाताना शेजारणीला शटरपाशी बसवून जातो, हेही सांगितलं.

“तुम्हाला यांना काही विचारायचंय?” न्यायाधीश बाईंनी पायगाडींना विचारलं.

जोडीदाराने प्रश्न लिहून दिले होते. पहिलाच प्रश्न होता, ‘दुपारी तुमचं शटर बंद असतं, हे खरं ना?’ पायगाडी कागद हातात धरून उभे राहिले. त्यांनी तो घडी करून टेबलावर ठेवला.

“काही विचारायचं नाही,” ते म्हणाले.

बाई उठली. जाता जाता थांबली आणि त्यांना म्हणाली, “तुम्ही आला असतात तर मी चहा दिला असता. पोस्टमनला देते मी रोज.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, की हा माणूस का आला नाही.

ती गेल्यावर पायगाडी उभेच राहिले. जोडीदाराने त्यांची बाही ओढली. ते बसले नाहीत.

“मॅडम, एक नाही. अकरा आहेत.”

इथे माझी बोटं थांबली. जोडीदाराने डोळे मिटले. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? या चौकशीत तुम्हाला एकाच अहवालाचं उत्तर द्यायचंय. बाकीचं बोललात तर तेही लिहिलं जाईल.”

“लिहा, मॅडम. त्या लोकांच्या दारातही कुलुपं घेऊन माणसं जाणार आहेत. कदाचित गेली असतील.”

आणि त्यांनी कागद न घेता सांगायला सुरुवात केली. रस्ता, मजला, जिन्याच्या कुठल्या बाजूचं दार, दाराचा रंग. एका दारावर सायकलची साखळी टांगलेली, एका दाराबाहेर लहान मुलाचे लाल बूट. दहा पत्ते त्यांनी असे सांगितले, कारण त्या दहाही दारांशी ते खरोखर जाऊन उभे राहिले होते. फक्त अकराव्या ठिकाणी, त्या शटरपाशी, ते गेलेच नव्हते. त्या दिवशी धीर इतका खचला होता की बागेतल्या बाकावर बसून, मनानेच एक तपकिरी दार लिहून टाकलं होतं. तेच नेमकं पकडलं गेलं.

मी टाइप करत होते आणि त्यातले चार पत्ते ओळखत होते. माझ्या पाठीला घाम फुटला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तरी.

“हे असं का केलंत?” न्यायाधीश बाईंनी विचारलं. तेव्हा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरची गोष्ट सांगितली. बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, “नाझरांना सांगितलं असतंत, तर दुसरं टेबल मिळालं असतं.”

“हो मॅडम. ते आता कळतंय.”

बाहेर व्हरांड्यात जोडीदार त्यांच्यावर तुटून पडला. “अरे, सत्तावीस वर्षं पाण्यात घातलीस! मी जीव तोडून तुला वाचवतोय आणि तू!” मग त्याचाच आवाज चिरकला आणि तो चहा आणायला निघून गेला. दोन कप आणले. दोघांनी उभ्याउभ्याच प्यायले, एकमेकांकडे न बघता.

निकालाला आणखी दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत त्यांची बायको दर शनिवारी मला फोन करायची. “बडतर्फ करतील का हो?” एवढंच विचारायची. मग थोडा वेळ पाळणाघरातल्या पोरांचं बोलून ती फोन ठेवायची.

हुकूम मीच टाइप केला. दोन्ही आरोप सिद्ध. गैरहजेरीमागे आजार होता हे मान्य, पण तो कळवायला कुणी अडवलं नव्हतं. शपथेवरचे खोटे अहवाल मात्र कुठल्याच कारणाने माफ होण्यासारखे नाहीत, कारण बेलिफाच्या शब्दावर कोर्ट डोळे झाकून चालतं. सरळ बडतर्फी व्हायची, पण कुणी न विचारता त्यांनी दहा प्रकरणं उघड केली म्हणून सक्तीची निवृत्ती. नाझरांनाही समज मिळाली, चारचौघांत हिणवून काम रेटल्याबद्दल. हुकूम हातात घेऊन पायगाडींनी तो दोनदा वाचला, पोच दिली आणि मला म्हणाले, “‘सक्ती’तली वेलांटी ठळक आलीय बाई, शाई जास्त झाली.” मला हसावं की रडावं कळेना.

अकरा प्रकरणं पुन्हा उघडली. चेनीवाल्या बाईचा हुकूम रद्द झाला, तिची केस पहिल्यापासून चालली आणि गाळा तिच्याकडे राहिला. सात जणांना आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली. त्यातले काही जिंकले, काही रीतसर हरले. दोघांचं आधीच आपसात मिटलं होतं. राहिलं एक घर, ज्याच्या दाराबाहेर लाल बूट होते. ते कुटुंब हुकुमानंतर घर सोडून गेलं होतं. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. नोटीस ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत आली.

मग पायगाडी स्वतःच शोधायला निघाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा अधिकारही नव्हता. जुन्या शेजाऱ्यांकडे गेले, मुलाच्या शाळेत गेले, सामान वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्याला गाठलं. काही ठिकाणी घंटी वाजवायला बायकोला बरोबर नेलं. पोरांना तासभर बहिणीकडे सोपवून ती जायची. पाच महिन्यांनी त्यांनी एक पत्ता आवक खिडकीवर आणून दिला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. नोटीस घेऊन जोडीदार गेला.

तारखेला त्या घरचा कर्ता माणूस आला. खोलीबाहेर माझ्यापाशी थांबून त्याने विचारलं, “आमची नोटीस ज्याने दिली नव्हती, तो बेलिफ कोणता?”

“ते आता इथे नाहीत,” मी म्हटलं. “नोकरी गेली त्यांची.”

त्याने ऐकून घेतलं. “आमचं घर गेलं,” तो म्हणाला. मग शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला आणि तो आत गेला. मी निवृत्त झाले तेव्हा ती केस अजून चालूच होती.